फटफटीवरची दोन मुंडाशी

लढाई संपली आणि नगरच्या छावणीत लष्कराच्या जुन्या सामानाचे लिलाव सुरू झाले. त्यातल्याच एका लिलावात मी फटफटी घेतली. हिरवट रंगाची, जड, टाकीला एका बाजूने पोचा आलेली. मी तेव्हा शाळाखात्यात होतो. पाथर्डी आणि नेवासे तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांच्या शाळा तपासायचं काम माझ्याकडे होतं. लोक आम्हाला, म्हणजे शाळाखात्याच्या डेप्युटींना, दिपोटी म्हणत. माझ्या आधीचे दिपोटी घोड्यावरून नाहीतर बैलगाडीतून येत. माझी फटफटी मैलभरावरून ऐकू यायची, आणि तेवढ्या वेळात मास्तर पोरांची तोंडं धुवून घ्यायचे.

रस्ते म्हणजे गाडीवाटाच. चाकांनी खोल कापलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. त्या उंचवट्यावरून फटफटी न्यायची म्हणजे कसरत असे. चाक घसरलं की थेट चाकोरीत. पण मला त्या वाटांचा नाद लागला होता. कुठे मुरूम आहे, कुठे काळी माती, कुठल्या ओढ्यात दगड गोल आहेत आणि कुठल्यात धारदार, हे माझ्या मनगटांना पाठ झालं होतं. गावांची नावं मी विसरलो तरी वाट विसरत नसे. फिरता फिरता मी गावोगावची माहितीही टिपून ठेवत असे: हा समाधीचा चिरा कुणाचा, ती बारव कुणी बांधली, कुठल्या दुष्काळात कुठलं गाव उठलं. आपल्याला या मुलखाची खडान्‌खडा माहिती आहे असा माझा समज झाला होता. शाळेत पोरगं 'हाय' म्हणालं की मी त्याला 'आहे' म्हणायला लावायचो. 'पानी' म्हणालं की फळ्यावर 'पाणी' लिहून 'ण'वर खडू आपटायचो.

स्वातंत्र्य मिळून सहा महिनेही झाले नव्हते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी पाथर्डीच्या दक्षिणेला डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर मुक्कामाला होतो. तिथल्या शाळेला इमारत नव्हती. एका शेतकऱ्याच्या ओसरीवर ती भरे, आणि मी गेलो की उतरायचोही त्याच्याचकडे. पंचेचाळिशीचा, रुंद हाडांचा, कमी बोलणारा माणूस. मी त्याला मामा म्हणायचो. तो मला सायेब म्हणायचा.

त्या शनिवारी सकाळी मी अंगणात चहा पीत बसलो होतो. शाळेचे मास्तर रोज पाथर्डीकडून सायकलवर येत. ते आले, पण सायकल भिंतीला टेकवायचंही भान त्यांना राहिलं नाही. ती तशीच आडवी पडली.

"साहेब, दिल्लीत महात्म्याला गोळ्या घातल्या. काल संध्याकाळी. प्रार्थनेला निघाले होते."

मी उभा राहिलो. पेला हातातच होता.

"कुणी घातल्या?"

मास्तरांनी मामाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "पुण्याकडचा कुणी ब्राह्मण आहे म्हणतात. लोक फार खवळलेत, साहेब. येताना मला धूर दिसला. तुम्ही आता इथे थांबू नका, आणि मोठ्या रस्त्यानंही जाऊ नका."

त्या क्षणी माझ्या मनात त्या थोर माणसाविषयी दुःख आलं असं मी पुढे अनेकांना सांगितलं आहे. ते खरं नाही. पहिल्यांदा आठवली ती बायको आणि चार वर्षांची मुलगी. सोनईपासून दोन कोसांवरच्या एका गावात आम्ही भाड्याने राहत होतो. वाडीपासून तिथवर पंधरा कोस होते. त्या गावात ब्राह्मणांची घरं दोनच, एक भिक्षुकाचं आणि एक आमचं.

मी फटफटीकडे धावलो. मामाने माझा दंड धरला. त्याने मला हात लावण्याची ती पहिलीच वेळ.

"असं न्हाई जायचं, सायेब. दोन कोसबी जानार न्हाई तुमी."

त्याने मला आत नेलं. खुंटीवरचं स्वतःचं धोतर दिलं, बंडी दिली, आणि माझी काळी टोपी काढून डोक्याला मुंडासं बांधलं. मळकट लाल कापड, त्याला घामाचा आणि कडब्याचा वास. मग तो माझ्या छातीकडे बोट करून नुसता उभा राहिला. मला समजलं. मी जानवं काढलं. मुंजीपासून ते कधी अंगावेगळं झालं नव्हतं. ते कुठे ठेवावं हे सुचेना. शेवटी घडी करून फटफटीच्या हत्यारांच्या पेटीत पान्याखाली ठेवलं.

"आन्‌ चष्मा," मामा म्हणाला.

"चष्म्याशिवाय मला वाट दिसणार नाही, मामा."

"मी हाय की मागं. मी सांगतो."

तो याआधी कधी फटफटीवर बसलेला नव्हता. मी कपडे बदलत असताना तो मधेच दाराशी जाऊन कुणाशी तरी दोन शब्द बोलून आला होता. आता तो माझ्या मागे बसला. मी किक मारली. इतके दिवस तो आवाज मला आवडायचा. त्या सकाळी तो मुलखाला हाका मारत असल्यासारखा वाटला. पायी जाणारा माणूस झाडाआड लपतो, वहाळात उतरतो. मला लपता येत नव्हतं. दोन्ही तालुक्यांत ही फटफटी कुणाची हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

चष्मा नसल्याने समोरचं सगळं विरघळलेलं होतं. झाडं म्हणजे हिरवे डाग, माणसं म्हणजे उभ्या रेघा. प्रत्येक उभी रेघ मला वाट अडवणारा माणूस वाटायची, आणि जवळ गेल्यावर ती बाभळ निघायची. मामा कानाशी सांगत होता, "डावीकडं घ्या. खड्डा हाय. आता सरळ. गाडी येतीया समोरनं, बाजूला व्हा." त्याच्या मोठ्या हातांनी माझे खांदे घट्ट धरले होते. पुढे दोन-तीन दिवस तिथे निळे वळ होते.

मोठी गावं सोडून आम्ही शेताच्या कडेकडेने, मेंढरांच्या वाटांनी गेलो. ज्वारी कणसांनी वाकलेली होती. कुठे कुठे हुरड्याच्या आगट्या पेटत होत्या, आणि त्यांचा धूर दिसला की मी गाडी हळू करायचो. मामा म्हणायचा, "हुरडा हाय, हुरडा." एकदा मात्र तो काहीच बोलला नाही. उजवीकडे लांब एक काळा, जाड धूर उभा होता. तो हुरड्याचा नव्हता.

एका ओढ्याच्या उतारावर त्यांनी आम्हाला अडवलं. मला आधी फक्त गलका ऐकू आला. जवळ गेल्यावर दिसलं, पंधरा-वीस माणसं, हातात काठ्या, दोघांच्या हातात कुऱ्हाडी. वाट अडवून उभी होती. गाडी थांबवताना माझा हात चुकला आणि इंजिन बंद पडलं. एकदम शांत झालं. ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

"आरं, ही तर दिपोटीची फटफटी," कुणीतरी म्हणालं.

वाटलं, संपलं. मागून मामाचा आवाज आला, अगदी सहज, बाजारात बोलावं तसा.

"व्हय, त्येचीच हाय. घेतली काढून."

कुऱ्हाडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळे हसले.

"आन्‌ दिपोटी?"

"पळाला डोंगरात. टोपी टाकून पळाला."

पुन्हा हसू. मीही हसलो असेन, कारण तोंड दुखल्याचं आठवतं. स्वतःच्या पळून जाण्यावर मी त्या लोकांबरोबर हसलो.

त्यांच्यातला एक पुढे आला. खाकी कोट, जुना, बटणं नसलेला. आमच्या भागातले पुष्कळ तरुण लढाईत गेले होते, हा त्यांतलाच असणार. तो माझ्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"तुला रं कुठनं आली फटफटी चालवाया?"

मी तोंड उघडलं तरी मरण आणि मिटलं तरी मरण. कपडे बदलले, जानवं काढलं, पण माझं बोलणं कुठे काढून ठेवणार होतो? एका 'आहे'ने सगळं उघडं पडलं असतं. वर्षानुवर्षं पोरांना ज्यावरून टोकलं, त्यातला एकही शब्द मला खऱ्या माणसासारखा म्हणता येणार नव्हता.

"माजा भाचा हाय," मामा म्हणाला. "लष्करात डायवर हुता."

"कंच्या पलटनीत?" त्याने मलाच विचारलं.

"त्येला न्हाई ऐकू येत. बाम फुटला तवापासनं कान गेल्यात. बोलत बी न्हाई धड."

खाकी कोटवाला माझ्याकडे बघत राहिला. मला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण तो खाली बघतोय हे कळलं. माझे हात हँडलवर होते. उजव्या हाताच्या बोटाला शाईचा डाग होता. तो मी कपडे बदलताना विसरलो होतो. मी हात मागे घेतला नाही. घ्यायचं धाडसच झालं नाही.

किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. शेवटी तो वळून बाकीच्यांना म्हणाला, "सोडा वाट. आपलीच मानसं हाईत."

मी किक मारली. इंजिन उठेना. दुसरी, तिसरी, चौथी. मग ती माणसं काठ्या बगलेत मारून पुढे आली आणि त्यांनी मागून फटफटी ढकलायला सुरुवात केली. 'ढकल रं, ढकल!' असा आरडाओरडा करत, हसत, ओढ्यातून पलीकडच्या चढावर. माझ्या पाठीवर एकाचा हात होता. ऊबदार, कष्टाचा हात. तो पाठीवर असेपर्यंत मला श्वास घेता आला नाही. चढावर इंजिन पेटलं. खाकी कोटवाला शेजारून पळत होता. तो हळूच म्हणाला, "म्होरं मोठ्या गावाकडनं जाऊ नगा. शेतातनं जावा."

आधी त्याने मला 'रं' म्हटलं होतं. आता, बहिरा म्हटलेल्या मलाच, हळू आवाजात 'जाऊ नगा' म्हणाला. त्याने ओळखलं होतं. फर्लांगभर पुढे गेल्यावर मला हे समजलं आणि मी गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला ओकलो. मामा बाजूला तोंड करून उभा राहिला.

तो ओढा मी पुढे शोधला. त्या बाजूला डांबरी सडक झाली, पूल झाले, ओढ्यांची तोंडं वळवली. मी दोनदा त्या वाटेने गेलो आणि दोन्ही वेळा मला वेगळीच जागा ती वाटली. ज्या मुलखाची माहिती मी वहीत टिपून ठेवत होतो, त्यातली ही एक जागा मला दाखवता येत नाही. त्या दिवशी माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता आणि मनगटांना काही पाठ राहिलं नव्हतं.

गाव जवळ आलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. शिवारातून जाताना एका मळ्यात बायका हरभऱ्यात वाकलेल्या दिसल्या, म्हणजे रंगीत ठिपके. आवाज ऐकून त्यातली एक ताडकन उभी राहिली आणि शेजारचं काहीतरी उचलून तिने छातीशी धरलं. मी तिकडे फारसं पाहिलं नाही. माझं लक्ष गावावर होतं. गावावर धूर होता.

भिक्षुकाचं घर जळून खाली बसलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात कुणी नव्हतं, नुसते अर्धवट जळलेले वासे. पुढे कळलं की म्हाताराम्हातारीला लोकांनी आधी बाहेर काढलं होतं. पोथ्या मात्र सगळ्या गेल्या. आमचं घर उभं होतं. दाराला कुलूप होतं, आणि ते आमचं नव्हतं. आमचं कुलूप लहान, पितळी. हे मोठं लोखंडी होतं, बैलाच्या गोठ्याला लावतात तसं.

मी दार ठोठावलं. आतून काही नाही. मी खिडकीशी गेलो, बायकोला 'अगं, अगं' करून हाका मारल्या. ओढ्यावर होती ती भीती वेगळी. तिथे मरण माझं होतं. इथे त्या कुलपाकडे बघताना डोक्यात एकही विचार पुरा होईना.

शेजारच्या दारातून आमची घरमालकीण बाहेर आली. साठीची, विधवा, तोंडाने फटकळ. आधी तिने आम्हा दोघांना हातातलं खुरपं दाखवलं.

"पुन्यांदा आला व्हय रं मुडद्यानू? सांगितलं न्हवं, घर माजं हाय म्हून?"

"मी आहे, मी," म्हटलं. माझा आवाज ऐकून तिचं खुरपं खाली आलं. तिने जवळ येऊन माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आरं देवा! बाई मळ्यात हाय, बाबा. पोरगी बी. सकाळीच नेऊन घातलीया सुनांच्यात. मानसं आल्ती भाईरगावची. मी म्हनलं, घर माज्या नवऱ्यानं बांधलंय. पेटवायचं तर मला आत घाला आन्‌ मग पेटवा. ही सारवलेली जमीन, हे कुलूप, समदं माजं हाय. गेली मग."

मी मळ्याकडे पळत सुटलो. फटफटी तिथेच टाकली. मामा मागून येत होता.

हरभऱ्यात बायका होत्या, पण आम्हाला बघताच त्यांच्यात चुळबुळ झाली. एक बाई मुलीला काखेत घेऊन ज्वारीत शिरली. मी तिच्यामागे धावलो. ती मला ओळखू येत नव्हती. लुगडं वेगळं नेसलेली, कपाळावर कुंकवाची आडवी चिरी. पण काखेतल्या मुलीचे पाय मी ओळखले. मी जितका जोरात धावलो तितकी ती जोरात पळाली. ज्वारीची पानं तोंडावर सपासप लागत होती. ती किंचाळत नव्हती. तोंडातून अक्षर न काढता पळत होती, आणि ते जास्त भयंकर होतं.

"अगं थांब! मी आहे! अगं, मी आहे ना!"

ती थांबली, पण वळली नाही. पाठमोरीच उभी राहिली. मी पुढे जाऊन समोर उभा राहिलो, मुंडासं काढून फेकलं, तेव्हा तिने पाहिलं. तिचे दात वाजत होते.

रात्री, आम्ही घरमालकिणीच्या माजघरात असताना, ती बोलली. तिने फटफटीचा आवाज लांबूनच ओळखला होता. आनंदाने उभी राहिली, तर गाडीवर दोन मुंडासेवाले. तिला वाटलं, यांना मारलं, आणि मारणारेच फटफटी घेऊन आपल्याला शोधत आले. अर्धा तास ती मला मेलेला धरून हरभरा खुडत होती. रडली असती तर शेजारच्या वाटेवरून जाणाऱ्याला कळलं असतं, म्हणून रडली नाही.

मामा त्या रात्री तिथे नव्हता; तो मुक्कामाला थांबलाच नाही. भाकरी खाल्ली आणि निघाला. मी म्हटलं, "मी तुम्हाला निम्म्या वाटेवर सोडतो."

"नगं, सायेब. पायी बरा," तो म्हणाला. वाडीवर राहिलेले माझे कपडे परत आणून देण्याचं बोलून तो दिवस मावळायच्या आत शिवाराबाहेर गेला.

पोलीस आले, गाव निवळलं. आम्ही नगरला नातलगांकडे गेलो. बायको त्यानंतर वर्षभर फटफटीचा आवाज आला की काम टाकून आत जाऊन बसायची, माझी असली तरी. दुसऱ्या कुणाची तर विचारूच नका. मुलीला काहीच आठवत नाही. तिला फक्त हरभऱ्याचे घाटे खाऊन पोट दुखल्याचं आठवतं.

एप्रिलात मी वाडीवर गेलो. शाळा सुरू होती. पोरांची तपासणी झाली, मास्तर गेले, आणि मी मामाजवळ ओसरीवर बसलो. त्याचे उपकार कसे फेडू असं काहीतरी पुस्तकी बोलायला लागलो. त्याने मला थांबवलं.

"खरं सांगू का, सायेब? मनाला लावून घिऊ नका."

"सांगा."

"तुमी आत कापडं बदलत हुता, तवा आमच्यातलीच चौघं दारात आल्ती. चल म्हनली, बामनांची घरं पेटवायची. मला बी राग लई आल्ता. दिल्लीतल्या त्या म्हाताऱ्यानं कुनाचं काय केलं हुतं? मी त्यास्नी म्हनलं न्हाई की, येत न्हाई. मी म्हनलं, थांबा, पाव्हना हाय घरात, त्येला वाटंला लावून येतो."

मी तपासणीची वही मिटून बाजूला ठेवली.

"तुमच्यासंगं निगालो म्हून त्यांच्यात गेलो न्हाई. येवढंच. हितं ऱ्हायलो असतो तर काय केलं असतं, मला ठावं न्हाई. ओढ्यावर ती मानसं हसली ना, तवा मला लई भ्याव वाटलं. त्यांचं न्हवं. माजंच."

त्याने चंची उघडली, सुपारी कातरली, मला अर्धी दिली. आम्ही तिन्हीसांज होईपर्यंत तिथे बसलो. तो पुढे पाऊसपाण्याचं बोलला, बैलाच्या खुराचं बोलला.

नगरला परत आल्यावर मी हे बायकोला सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं.

"त्यांनी हे तुम्हाला सांगायला नको होतं," ती म्हणाली.

या एका गोष्टीवर आमचं कधी एकमत झालं नाही. मला वाटतं, त्याने सांगितलं ते बरं झालं. पण त्यानंतर मी त्या वाडीवर जायचो, तेव्हा त्या सकाळचा आवाज त्याच्या अंगणात पुन्हा नको म्हणून फटफटी ओसरीपाशी न नेता वेशीबाहेरच लावायचो आणि पायी जायचो. ते का, हे मी मामालाही कधी सांगितलं नाही आणि त्यानेही कधी विचारलं नाही.